मुका मार : न बोलणाऱ्या रुग्णाच्या वेदनेचा इतिहास

माझे वडील गलाई व्यवसायात होते. विटा, खानापूर, आटपाडी या आमच्या दुष्काळी पट्ट्यातली कित्येक कुटुंबं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. अण्णांनी उमेदीची वर्षं कोइमतूरच्या एका गल्लीत, भट्टीपुढं आणि तेजाबाच्या वाफेत काढली. म्हातारपणी विट्याला परतले ते कायमचा खोकला घेऊनच. २०१६ च्या पावसाळ्यात तो खोकला न्यूमोनियावर गेला. एका अतिदक्षता विभागात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. बाराव्या दिवशी ते गेले.

या लेखाचं कारण पाचव्या दिवशीचं आहे. भेटीच्या वेळेत आई आणि मी आत असताना अण्णांची कूस बदलली जात होती. आई एकदम म्हणाली, "ह्यास्नी दुखतंय." तिथल्या माणसानं मॉनिटरकडं बोट केलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. "औषधाची झोप आहे आजी, त्यांना काही कळत नाही." आई ऐकेना. "अवो, भुवया बघा की. मूठ बघा." मी शिकलेला मुलगा. मी आईचा दंड धरला आणि म्हणालो, "आई, त्यांना कळतं आपल्यापेक्षा. गप बस." आई गप्प बसली. पुढचे सात दिवस ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

त्या वेळी बरोबर कोण होतं, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी वाचत गेलो. वाचता वाचता कळलं, की आईचं आणि माझं ते भांडण खूप जुनं आहे. वैद्यकशास्त्रानं ते स्वतःशी निदान शंभर वर्षं घातलं आहे.

शब्दांवर उभं असलेलं शास्त्र

मराठीत दुखण्याला शब्दांचा तोटा नाही. दात ठणकतो, फोड ठसठसतो, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, गुडघ्यात कळ येते, कापलेलं चुरचुरतं, भाजलेलं भगभगतं. जुना वैद्य नाडीला हात लावण्याआधी विचारायचा, "कसं दुखतंय?" आणि अर्धं निदान उत्तरातच मिळायचं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली हेच शास्त्रीय रीतीनं केलं. वेदनेची वर्णनं करणारे ७८ इंग्रजी शब्द त्यांनी वीस गटांत लावले आणि रुग्णाला त्यातून निवड करायला सांगितली. त्याआधी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका मार्गो मॅकॅफरी यांनी एक तत्त्व मांडलं होतं : रुग्ण जे दुखणं सांगतो तेच दुखणं, आणि तो सांगतो तेव्हा ते असतं. डॉक्टरनं रुग्णावर विश्वास ठेवावा, एवढाच त्याचा रोख.

तत्त्व चांगलं होतं, पण त्याची एक बाजू उघडी राहिली. ज्याला सांगताच येत नाही, त्याचं काय? आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनं १९७९ साली वेदनेची व्याख्या केली, तीही वर्णनाच्या आधारानं. बोलता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे, ही पुस्ती त्या व्याख्येला नंतर जोडावी लागली. २०२० च्या सुधारित व्याख्येत बोलणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग ठरला.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाची अडचण तर शब्दशः घशातच असते. श्वासाची नळी दोन स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. त्यामुळं हवा स्वरतंतूंवरून जात नाही आणि आवाज उमटत नाही. बोलणं दूरच, त्याला कण्हताही येत नाही. आपल्याकडं जखम नाही, रक्त नाही, पण आत लागलेलं आहे, अशा इजेला मुका मार म्हणतात. अतिदक्षता विभागातला जवळजवळ प्रत्येक मार मुका असतो.

हलत नाही म्हणजे दुखत नाही

न हलणाऱ्याला दुखत नसावं, या समजुतीची परीक्षा एका विषानं घेतली. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणाच्या टोकाला कुरारी नावाचं विष लावत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यावर प्रयोग केले. या विषानं स्नायू निकामी होतात, संवेदना मात्र शाबूत राहते, असं त्यांना दिसलं. बाहेरून शांत वाटणारा हा मृत्यू आतून किती भयंकर असेल, हे त्यांनी १८६४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

१९४२ मध्ये माँट्रियलचे हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी हेच द्रव्य शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरलं आणि ते भूलशास्त्रात आलं. त्यानंतर काही डॉक्टरांचा समज झाला, की त्यानं भूलही मिळते. रुग्ण हलत नव्हता आणि तक्रारही करत नव्हता, हा त्यांचा पुरावा. शेवटी अमेरिकेतल्या युटाचे भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ स्वतःच टेबलावर झोपले. भुलेचं कोणतंही औषध न घेता त्यांनी श्वास बंद पडेल त्याहून अधिक मात्रेत हे द्रव्य टोचून घेतलं. सहकारी त्यांना कृत्रिम श्वास देत होते. अंगाचा एकही स्नायू हलेना. औषध उतरल्यावर त्यांनी सांगितलं, की सगळा वेळ मी पूर्ण शुद्धीवर होतो, सगळं ऐकत होतो आणि सगळं मला जाणवत होतं. हा वृत्तांत १९४७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, कोपनहेगनला पोलिओची साथ आली. तिथं ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं फुगे दाबून रुग्णांना श्वास दिला. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले. न बोलता, न हलता आठवडेच्या आठवडे जगणारा रुग्ण ही वैद्यकाला नवीन गोष्ट होती.

तान्ह्या बाळांची कथा याहून कठीण आहे. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी नवजात बाळांना टाचणी टोचून पाहिली. बाळांच्या प्रतिसादाचा अर्थ त्यांनी असा लावला, की सुरुवातीच्या दिवसांत ही केवळ प्रतिक्षिप्त हालचाल आहे. त्या मताचा पगडा पुढं दशकानुदशकं राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन नावाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली. त्याला फक्त स्नायू लुळे करणारं औषध दिलं होतं, वेदनाशामक नव्हतं. बाळ पुढं दगावलं. नंतर हे कळल्यावर त्याची आई जिल लॉसन हिनं लिहायला, बोलायला सुरुवात केली आणि प्रश्न वर्तमानपत्रांत आला.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद हे तरुण डॉक्टर याच प्रश्नाच्या मागं होते. त्यांचं वैद्यकीय शिक्षण आपल्या शेजारी, इंदूरला झालेलं. शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं इतकी खालावलेली का असतात, असं त्यांना वाटे. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी चढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. वेदना बाळाला सांगता येत नव्हती, पण त्याचं रक्त सांगत होतं. प्रतिसाद म्हणजे केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, हे उत्तर त्यानंतर पुरेसं राहिलं नाही.

चार नंबरच्या वॉर्डातली खोली

महाराष्ट्रात न बोलणाऱ्या रुग्णाचा विषय निघाला, की एकच नाव समोर येतं. अरुणा शानबाग. कर्नाटकातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयाच्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला गेल्यामुळं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर ती जवळजवळ बेचाळीस वर्षं जगली. तिला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं, स्वतःचं काहीच करता येत नव्हतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं ती गेली.

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला अन्न देणं थांबवून शांतपणे मरू द्यावं. न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये तीन तज्ज्ञ नेमले : टाटा रुग्णालयाचे डॉ. जे. व्ही. दिवटिया, हिंदुजाचे डॉ. रूप गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयाचे डॉ. नीलेश शहा. त्यांनी तिला तपासलं. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला.

हा निकाल आपण दयामरणाचा निकाल म्हणून ओळखतो आणि ते बरोबरच आहे. कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्यानं भारतात पहिल्यांदा उघडली. मी मात्र तो वेगळ्या कारणानं वाचला. न बोलणाऱ्या बाईच्या आत काय चाललं आहे, याबद्दल दोन तऱ्हांची साक्ष त्यात शेजारी शेजारी आहे.

एक साक्ष तज्ज्ञांची. पाहणं, ऐकणं, स्पर्श यांचे मेंदूतले प्राथमिक मार्ग शाबूत आहेत, पण त्या संवेदनांची तिला जाणीव असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत दिसला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कायमच्या निश्चेत अवस्थेचे बहुतेक निकष ती पूर्ण करते, असंही त्यांनी म्हटलं. खोलीत माणसं जास्त झाली, की तिचा डावा हात हलतो आणि ती आवाज काढते, याचीही नोंद त्यांनी केली. हे सगळं काटेकोर होतं. जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं.

दुसरी साक्ष रुग्णालयाची, म्हणजे मुख्यतः परिचारिकांची. तिला मासे आणि चिकन सूप आवडतं, ते मिळालं की ती हसते. नको असलेला घास ती थुंकून टाकते. काय हवं-नको ते ती विशिष्ट आवाजांनी आणि हाताच्या हालचालींनी कळवते. सप्टेंबर २०१० मध्ये तापानं आजारी पडेपर्यंत ती तोंडानं खात होती. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळल्यानं होणारी जखम, झाली नव्हती. हे शेवटचं वाक्य ज्यानं घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे, त्यानं पुन्हा वाचावं. दर काही तासांनी कुणीतरी तिची कूस बदलली, तेव्हा हे घडलं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण ते काम थांबलं नाही. पालिकेनं तिला दुसरीकडं हलवायचं ठरवलं होतं, तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या होत्या.

न्यायालयानं अर्ज नामंजूर केला आणि तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. ती जगावी की जाऊ द्यावी, यावर माझं मत इथं महत्त्वाचं नाही. त्यावर प्रामाणिक माणसांचंही दुमत होईल. मला दिसलं ते एवढंच, की तज्ज्ञांच्या भेटीत जे सापडत नाही, ते रोजच्या सहवासात सापडू शकतं. उलटही खरं आहे. माया असते तिथं माणूस हवं ते वाचतो. दोन्ही साक्षी लागतात.

तज्ज्ञांनी 'जाणीव नाही' असं न म्हणता 'पुरावा दिसला नाही' असं म्हटलं, याचंही महत्त्व त्याच काळातल्या संशोधनानं वाढवलं. २००६ मध्ये केंब्रिजला एड्रियन ओवेन यांनी निश्चेत ठरलेल्या एका तरुणीला मेंदूचं स्कॅन चालू असताना सांगितलं, टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी उजळतो, तोच तिचाही उजळला. २०१० मध्ये निश्चेत किंवा जेमतेम जाणीव असलेल्या ५४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या पाच जणांनी सूचनेप्रमाणं मेंदूचं काम बदलून दाखवलं. सगळे काही आत जागे नव्हते. पण जागे असलेले कोण, हे नुसतं पलंगाशेजारी उभं राहून प्रत्येक वेळी कळलं नसतं.

चेहऱ्याची मोजणी

आमच्याकडं खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेणारा माणूस बैलाला विचारत बसत नाही. कान पडलेत का, रवंथ चालू आहे का, दात खातो का, पाय टेकवताना अंग चोरतो का, हे तो बघतो. मुक्या जनावराचं दुखणं ओळखणं हे गावच्या ज्ञानात कायम होतं. १८७२ मध्ये डार्विननं भावनांच्या आविष्कारावरच्या ग्रंथात वेदनेनं आक्रसणाऱ्या भुवया आणि आवळलेले दात नोंदवले. तरीही हे बघणं पलंगाशेजारच्या तक्त्यावर आकड्यांत यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

२००१ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलचे झां-फ्रांस्वा पायें यांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी तीन गोष्टींची मोजपट्टी केली : चेहरा, हातांची हालचाल आणि यंत्राशी जुळवून घेणं. २००६ मध्ये माँट्रियलच्या सेलिन जेलिना यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १०५ रुग्णांवर दुसरी मोजपट्टी तपासली. तिचं आद्याक्षरी नाव सीपॉट. जेलिना स्वतः परिचर्येच्या क्षेत्रातल्या. सीपॉटमध्ये चार गोष्टी बघायच्या : चेहरा, अंगाची हालचाल, हात दुमडताना-उलगडताना लागणारा स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण आठ. तीन किंवा अधिक भरले, तर दुखत असावं असं धरायचं.

रुग्ण स्वस्थ पडलेला असताना आणि त्याची कूस बदलताना, अशा दोन्ही वेळी हे गुण घेतले गेले. कूसच का? कॅथलीन पुंटिलो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुमारे सहा हजार रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती. नळ्या काढणं, जखम धुणं, घशातला कफ ओढणं अशा नेहमीच्या कामांत प्रौढांना सर्वांत जास्त दुखतं ते कूस बदलताना, असं त्यात आढळलं. शय्याव्रण होऊ नये म्हणून जे करायचं, तेच सर्वांत दुखतं. म्हणून ते टाळायचं नाही. आधी औषध द्यायचं आणि मग कूस बदलायची.

दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. पहिली, गुंगी वेगळी आणि वेदनाशमन वेगळं. मिडाझोलाम, प्रोपोफॉल अशी औषधं झोपवतात, दुखणं थांबवत नाहीत. त्यासाठी फेंटानिल, मॉर्फिन यांसारखं औषध लागतं. दुसरी, नाडी आणि रक्तदाब हे वेदनेचे भरवशाचे साक्षीदार नाहीत. आजार आणि औषधं दोन्ही त्यांना वर-खाली करतात. अतिदक्षता वैद्यकाच्या २०१३ आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की हे आकडे फार तर 'नीट बघा' असा इशारा देतात. त्यांवरून निर्णय घ्यायचा नाही.

मोजण्यानं फरक पडतो का? पायें यांच्या गटानं फ्रान्समधल्या ४४ अतिदक्षता विभागांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांची वेदना दुसऱ्या दिवशी मोजली गेली होती, त्यांना गुंगीची औषधं कमी लागली. ते व्हेंटिलेटरवर ८ दिवस राहिले, इतर ११ दिवस. ही पाहणी होती, चाचणी नव्हे. चांगली देखरेख असलेल्या विभागांत मोजणीही होत असणार, ही शक्यता उरते. पण बघण्यानं नुकसान झालं, असं तिच्यात दिसत नाही.

मोजपट्टीलाही मर्यादा आहेत. स्नायू लुळे करणारं औषध चालू असेल, तर चेहरा हलणारच नाही आणि गुण शून्य येतील. तिथं स्कॉट स्मिथ यांची आठवण ठेवावी लागते. ज्यानं कुणालाही दुखेल, त्यानं यालाही दुखतंय असं धरून औषध द्यावं, हाच तिथला नियम.

आणि घरची माणसं? त्याच मार्गदर्शक सूचना म्हणतात, की रुग्णाला सांगता येत नसेल, तर वेदना ओळखण्याच्या कामात कुटुंबाला सामील करून घेता येतं. गंभीर आजारी रुग्णांच्या नातलगांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दुखतंय की नाही, हे त्यांनी सुमारे ७३ टक्के वेळा अचूक सांगितलं. किती दुखतंय, हे जेमतेम निम्म्या वेळा. म्हणजे घरचं माणूस देव नाही, पण त्याला गप्प बसवण्याजोगंही काही त्या आकड्यांत नाही.

कस

अण्णा सोन्याचा कस लावायचे तो काळा दगड आमच्या घरी अजून आहे. दागिना त्यावर घासायचा, शेजारी माहितीतल्या कसाची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि बघत राहायचं. नवशिक्या पोराला ते म्हणायचे, "सोनं बोलत नसतंय. बघायला शीक."

गेल्या दिवाळीत सीपॉटचा तक्ता घेऊन मी आईपुढं बसलो. एकेक गोष्ट मराठीत सांगत गेलो. भुवया? "खाली आल्त्या. डोळं गच्च." दोन. मूठ? पाचव्या दिवशी तळवा पुसायला तिनं ती उघडली, तर उघडेना, जोर लावावा लागला. एक. यंत्र? कूस बदलली की शिट्टी मारायचं, मग आपोआप थांबायचं. एक. अंगाची हालचाल तिला आठवेना, तिथं मी शून्य धरलं. बेरीज चार.

इतक्या वर्षांनी आठवणीतून दिलेल्या गुणांना शास्त्रात किंमत नाही, हे मी जाणतो. हे आईलाही सांगितलं. तिनं विचारलं, "पर कितीच्या वर दुखतंय म्हणत्यात?"

"तीन."

ती काही बोलली नाही. मग मी म्हणालो, "आई, तेव्हा तुला गप बस म्हणालो होतो." ती म्हणाली, "तुला कुठं ठावं हुतं." आणि फराळाचं ताट पुढं सरकवलं.

आता ठाऊक आहे. म्हणून हे लिहून ठेवतो. तुमच्या घरचं कुणी असं नळ्यांत पडलेलं असेल, तर भेटीच्या त्या दहा मिनिटांत मॉनिटर कमी आणि चेहरा जास्त बघा. एरवी दुखलं की हे माणूस काय करतं, ते सिस्टरना सांगा. कूस बदलायच्या आधी वेदनेचं औषध दिलंय का, एवढं विचारा. आणि शेजारी कुणी म्हातारी म्हणत असेल, ह्यास्नी दुखतंय, तर तिचा दंड धरू नका.